पिंजऱ्यातला उजेड

अनसेल्मो पानियाग्वा यांच्या घरी बॅटऱ्या येणार ही बातमी बॅटऱ्यांच्या चार दिवस आधी सेइबाच्या गल्लीत येऊन पोहोचली होती. ती कोणी फोडली हे शेवटपर्यंत कळलं नाही. पानियाग्वांचा संशय कोपऱ्यावरच्या मोन्चो दुकानदारावर होता. मोन्चोचं म्हणणं असं की पानियाग्वा स्वतःच तीन वेळा दुकानात आले आणि तिन्ही वेळा "कुणाला बोलू नकोस" असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगून गेले.

मोका गावात वीज नव्हती असं कोणी म्हणू नये. वीज होती, फक्त तिला संध्याकाळ आवडत नसे. रोज बरोबर सात वाजता ती जायची आणि दहाच्या सुमाराला यायची. गेली की सगळी गल्ली एका सुरात "गेली" म्हणायची, आली की "आली" म्हणून ओरडायची. या ओरडण्यात लहानथोर असा भेद नव्हता. पाद्रीबुवासुद्धा एकदा प्रार्थना मध्येच थांबवून "आली" म्हणाले होते. फेलिसिताआजींच्या पोपटाला तेवढे दोनच शब्द यायचे, आणि तो ते उलटेसुलटे बोलून लोकांचा जीव टांगणीला लावायचा.

पानियाग्वांनी वीस वर्षं हे सोसलं. ते नागरी नोंदणी कचेरीत जन्माचे दाखले देत, आणि सोसणं म्हणजे काय हे दाखले मागायला येणाऱ्या लोकांना ते रोज शिकवत असत. पण त्या डिसेंबरात गोष्ट वेगळी होती. त्यांचा धाकटा मुलगा विल्टन प्रांताच्या बेसबॉल संघात घेतला गेला होता. राखीव पिचर, म्हणजे गरज पडली तर चेंडू फेकायला उतरणारा. शनिवारी संध्याकाळी राजधानीच्या संघाशी सामना होता आणि तो टीव्हीवर दिसणार होता. विल्टनने फोनवर सांगितलं, "पापा, शेवटच्या डावात मला उतरवतील बहुतेक. बघाल ना?"

"बघीन म्हणजे? सगळी गल्ली बघेल," पानियाग्वा म्हणाले आणि फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सामना सव्वासातला सुरू होतो.

आता, विल्टनच्या आयुष्यातला एकही महत्त्वाचा क्षण पानियाग्वांनी पाहिलेला नव्हता. तो जन्मला तेव्हा ते कचेरीत दुसऱ्याच कुणाच्या मुलाची नोंद करत होते. त्याने पहिली पावलं टाकली तेव्हा ते मोन्चोच्या दुकानासमोर डॉमिनो खेळत होते. शाळेच्या सामन्यात त्याने बक्षीस मिळवलं त्या दिवशी त्यांची दाढ दुखत होती. तोमासिना, म्हणजे त्यांची बायको, ही यादी फार क्वचित वाचून दाखवायची, पण तिला ती पाठ आहे हे त्यांना माहीत होतं. त्यामुळे या वेळी बघायचं म्हणजे बघायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

प्रथम ते सरळ मार्गाने गेले. वीज कचेरीत जाऊन त्यांनी विनंती केली की शनिवारी सात ते दहा आमच्या गल्लीची वीज कृपया घालवू नये.

"अर्ज करा," खिडकीतला तरुण म्हणाला.

"कागद द्या."

"अर्ज टाइप करून लागतो. टाइपरायटर विजेवर चालतो. आज आमच्याकडे दिवसाही वीज गेलीय."

"कधी येईल?"

"त्याची चौकशी करायची असेल तर वेगळा अर्ज आहे."

ही भाषा पानियाग्वांच्या परिचयाची होती. फक्त आजवर ते खिडकीच्या आतल्या बाजूने ती बोलत आले होते, आणि बाहेरून ती कशी ऐकू येते याची त्यांना कल्पनाच नव्हती. त्या दिवशी कचेरीत परत जाऊन त्यांनी एका म्हातारीला तिचा दाखला एका फेरीत देऊन टाकला. म्हातारी घाबरून गेली.

मग इन्व्हर्टर आला आणि चार बॅटऱ्या आल्या. नव्या कवळीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले, त्यामुळे पुढचं वर्षभर पानियाग्वांना मऊ भात आणि उकडलेलं केळं खाणं भाग होतं. त्यांनी तेही मानलं. उजेडात मऊ भात, असं ते तोमासिनाला म्हणाले.

बॅटऱ्या हातगाडीवरून उतरल्या तेव्हा गल्ली सल्ला द्यायला तयारच होती. फेलिसिताआजी म्हणाल्या, बॅटरी फरशीवर ठेवू नका, सगळी वीज जमिनीत उतरते. ब्यूटी पार्लरवाली नुरिस म्हणाली, बॅटरीला पाणी लागतं ते पावसाचंच घाला. मोन्चो म्हणाला, त्यापेक्षा औषधाच्या दुकानातलं आणा, मी मागवून ठेवलंय. फेलिसिताआजींनी कोणी बघत नाही असं पाहून चारही बॅटऱ्यांवर चर्चमधलं पवित्र पाणी शिंपडलं. पानियाग्वांनी प्रत्येकाला "बघतो" म्हटलं, आणि प्रत्येकाने ते "हो" असं ऐकलं.

"हे सगळं ठीक आहे," तोमासिना म्हणाली, "पण चोरांचं काय?"

हा प्रश्न खरा होता. मोक्यात माणूस दार उघडं ठेवून झोपेल, पण बॅटरी उघडी ठेवून झोपणार नाही. बॅटरीला लोखंडी पिंजरा हवाच. आणि पिंजरा करायचा तर चागोला बोलवायलाच हवं, कारण चागो वेल्डर होता. शिवाय तो कोम्पाद्रे होता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी विल्टनला त्यानेच हातावर धरलं होतं. दोघं लहानपणी एकाच ओढ्यात उघडे पोहलेले, एकमेकांना वाटेल ते बोललेले. पण बाप्तिस्मा झाला त्या दिवसापासून ते एकमेकांना "तुम्ही" म्हणत. कोम्पाद्रेला नाही म्हणता येत नाही. त्याने केलेल्या कामात खोट काढणं तर त्याहून अशक्य.

"कोम्पाद्रे," चागो म्हणाला, "तुम्ही फक्त खुर्चीवर बसा. धर्मपुत्राचा सामना आहे. माझ्या हातचा पिंजरा बघून चोर रडत घरी जाईल."

त्याने मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, भिंतीला लागून पिंजरा उभा केला. गजांमधलं अंतर त्याने स्वतःच्या दंडावर मोजलं आणि त्यातून बोटभर कमी केलं. चोराचा हात शिरता कामा नये, हे तत्त्व. पानियाग्वांनी सहज स्वतःचा हात घालून पाहिला, तो खांद्यापर्यंत आरामात गेला.

"तुमचा हात हिशेबात धरता येत नाही कोम्पाद्रे," चागो मनापासून म्हणाला. "इतका वाळलेला चोर कुठे मिळणार?"

जमलेल्या सगळ्यांनी पानियाग्वांच्या दंडाकडे पाहिलं. नुरिस हळूच म्हणाली की माझ्या कंगव्याची दांडी यापेक्षा जाड आहे. पानियाग्वांनी बाही खाली ओढली आणि दोन दिवस पूर्ण बाहीचा शर्ट घालून फिरले.

पिंजऱ्याच्या अगदी आत, भिंतीवर, चागोने मुख्य खटका बसवला. तो त्याने बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यातून आणला होता, चांगला वीतभर लांब दांड्याचा. "आता असा माल बनत नाही," तो म्हणाला. ते खरंच होतं, कारण त्या खटक्याचा दांडा वर नेला की आपणहून खाली पडायचा. चागोने थोडा विचार केला, खिशातून डॉमिनोची एक सोंगटी काढली, दोन्ही बाजूंनी कोरी असलेली, आणि एका हाताने दांडा वर धरून दुसऱ्या हाताने ती फटीत ठोकली. दांडा थांबला. कोम्पाद्रेने केलेल्या कामात खोट काढता येत नाही, म्हणून पानियाग्वांनी "वा" म्हटलं. मोन्चोच्या दुकानासमोर मात्र त्या दिवसापासून सत्तावीस सोंगट्यांचा डॉमिनो सुरू झाला आणि हरणारा प्रत्येक जण पानियाग्वांच्या नावाने खडे फोडू लागला.

कुलूप लावून चागोने किल्ली आपल्या गळ्यातल्या संतांच्या पदकाशेजारी अडकवली.

"किल्ली तुमच्याकडे?" तोमासिना म्हणाली.

"कोमाद्रे, चोर आधी घरात किल्ली शोधतो. माझ्या गळ्यात कोण शोधणार?" चागो म्हणाला. कोम्पाद्रेची बायको ती कोमाद्रे.

या युक्तिवादात काहीतरी चुकतंय हे तोमासिनाला कळत होतं, पण पानियाग्वांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

पहिल्या संध्याकाळी सात वाजता गल्ली "गेली" म्हणाली आणि पानियाग्वांच्या घरात दिवे तसेच राहिले. पानियाग्वा पुढच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला ते "अरे, वीज गेली वाटतं" असं म्हणत. तिसऱ्या माणसानंतर तोमासिनाने त्यांना आत बोलावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ताटल्या येऊ लागल्या. डिसेंबर म्हणजे घरोघरी केळीच्या पानात बांधून उकडलेल्या पास्तेलांचा महिना, आणि शेजाऱ्याकडे ताटली पाठवायची रीतच आहे. पहिली फेलिसिताआजींची आली. आत चार पास्तेलं, वर इस्त्रीचा रुमाल.

"काही नाही हो, सहज," आजी म्हणाल्या. "पोपटाला अंधारात झोप लागत नाही. एक बारीकशी वायर मिळाली असती खिडकीतून. एकच बल्ब."

आता ताटली रिकामी परत करायची नसते. हे मोक्यातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. आणि दुपारी तोमासिनाच्या घरात परत भरायला काहीच नव्हतं. पानियाग्वांनी ताटलीबरोबर वायर दिली.

संध्याकाळपर्यंत नुरिसची ताटली आली, मग मोन्चोची, नारळाच्या वडीसकट. नुरिसला "एक छोटा पंखा" चालवायचा होता. मोन्चोला "वजनकाट्यावरचा दिवा". तोमासिनाने त्या दिवशी काही रांधलं नाही. पानियाग्वांनी मऊ पास्तेलं कवळीशिवाय खाल्ली आणि देवाचे आभार मानले. शुक्रवारपर्यंत त्यांच्या खिडक्यांमधून इतक्या वायरी बाहेर गेल्या होत्या की तोमासिना त्यांच्यावर टॉवेल वाळत घालू लागली.

शनिवारी सकाळी चागो आला, स्वच्छ पांढरा शर्ट घालून. खेड्यात त्याची आत्या वारली होती, आज नवव्या दिवसाची प्रार्थना होती.

"सहाच्या आत परत येतो, कोम्पाद्रे. विल्टनचा सामना चुकवीन होय?"

पानियाग्वांची नजर त्याच्या गळ्याकडे गेली. किल्ली मागावी असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण किल्ली मागणं म्हणजे कोम्पाद्रे परत येईल यावर विश्वास नाही असं सांगणं. त्यांनी ओठ मिटले आणि आत्यासाठी चार फुलं दिली.

सहा वाजले, साडेसहा वाजले, चागोचा पत्ता नव्हता. सात वाजता गल्ली "गेली" म्हणाली, आणि मग खुर्च्या डोक्यावर घेऊन पानियाग्वांच्या ओसरीकडे निघाली. टीव्ही ओसरीच्या तोंडाशी ठेवला होता. छतावरच्या अँटेनाची वायर तेवढीच पोहोचत होती, आणि टीव्ही बोटभर हलला तरी चित्राला मुंग्या येत. म्हणून पानियाग्वांनी त्याच्याभोवती खडूने रेघ मारून ठेवली होती. स्वतःसाठी त्यांनी अगदी समोरची खुर्ची राखली होती, तिच्यावर टोपी ठेवून. नुरिसच्या पार्लरमधल्या सहा बायका डोक्याला रूळ लावलेल्या तशाच आल्या. मोन्चो आला. तो जन्मापासून राजधानीच्या संघाचा, पण बर्फातल्या बाटल्या घेऊन आला म्हणून त्याला आत घेतलं.

पाचव्या डावात इन्व्हर्टर ओरडू लागला. बारीक आवाजात, थांबून थांबून.

"काय म्हणतोय तो?" फेलिसिताआजींनी विचारलं.

"भूक लागलीय म्हणतोय," पानियाग्वा म्हणाले आणि उठले.

मग त्यांनी एकेक वायर धरून चालायला सुरुवात केली. मोन्चोची वायर वजनकाट्यापाशी थांबलीच नाही, ती सरळ बिअरच्या फ्रिजमध्ये गेली. फेलिसिताआजींकडे पोपटाचा बल्ब होता खरा, पण त्याच्याशेजारी पाण्याचा पंपही होता, आणि पंपाशेजारून आणखी एक वायर कुंपण ओलांडून त्यांच्या भाचीकडे गेली होती. नुरिसचा छोटा पंखा म्हणजे केस वाळवायचं टोपीयंत्र निघालं. त्याच्याखाली एक सातवी बाई रूळ लावून शांत झोपली होती.

"नुरिस, हा पंखा?"

"वारा येतो ना त्यातून, पानियाग्वासाहेब."

पानियाग्वांनी सगळ्या वायरी स्वतःच्या हाताने उपटल्या. ताटल्यांच्या उपकारांचं पुढे बघू, असं त्यांनी ठरवलं. सातवी बाई अर्धे केस ओले, अर्धे वाळलेले, अशी खुर्ची घेऊन आली. इन्व्हर्टर गप्प झाला. सामना पुढे सरकला.

शेवटचा डाव. आपला संघ एका धावेने पुढे, राजधानीचे दोघे बाद, पण तिन्ही तळांवर त्यांची माणसं. आणि तेव्हा पडद्यावर, मैदानाच्या कडेला, हात सैल करणारा विल्टन दिसला.

सगळी ओसरी एकदम उभी राहिली, उड्या मारू लागली. मोन्चोसुद्धा, आपण कोणाकडून आहोत हे विसरून. ओसरीची लाकडी जमीन हादरली, भिंत हादरली, आणि मागच्या अंगणात काहीतरी टक्कन पडल्याचा आवाज आला. टीव्ही बंद झाला. दिवे गेले.

"गेली," पोपट म्हणाला. या वेळी बरोबर बोलला.

पानियाग्वा मेणबत्ती घेऊन मागे धावले. सोंगटी निघून बॅटऱ्यांच्या मागे पडली होती, दांडा खाली लोंबत होता. कुलूप जागच्या जागी होतं. चोराला रडवणारा पिंजरा मालकालाही आत घेत नव्हता. मोन्चोने झाडूचा दांडा घालून पाहिला, तो घसरला. त्याचा हात मनगटाशी अडकला. नुरिसचा कोपराशी. पोरांचे हात शिरले, पण भिंतीपर्यंत पुरेनात. मग सगळ्यांनी वळून पानियाग्वांकडे पाहिलं. या वेळी कोणी हसलं नाही.

पानियाग्वांनी बाही वर केली. गुडघ्यावर बसले, गाल गजांना टेकवला आणि हात खांद्यापर्यंत आत घातला. बोटांना दांडा लागला. त्यांनी तो वर दाबला.

घरात उजेड आला. ओसरीवरून आरोळी आली, "आला, विल्टन आला मैदानात!" पानियाग्वा घाईने उठायला गेले, हात सैल झाला, आणि पुन्हा अंधार. ओसरीवरून दुसऱ्या प्रकारची आरोळी आली.

"दुसरी सोंगटी लावा की," मोन्चो म्हणाला.

"ती ठोकायला दोन हात लागतात. इथे एकच शिरतो."

पानियाग्वांना समजलं ते सगळ्यांनाच समजलं होतं. हात सोडला तर कोणालाच दिसणार नाही. धरून ठेवला तर सगळी गल्ली बघेल, एक माणूस सोडून. फार वाईट वाटलं त्यांना. तोंड भिंतीकडे असल्यामुळे चेहरा कोणाला दिसत नव्हता, म्हणून त्यांनी तो हवा तसा होऊ दिला. मग दांडा वर दाबला आणि म्हणाले, "जा सगळे. बघा."

"मी इथे थांबून सांगतो," मोन्चो म्हणाला. "मला सगळे बारकावे कळतात."

"तू राजधानीचा. तू नको. तोमासिना सांगेल."

तोमासिनाला बेसबॉलमधलं काहीही कळत नव्हतं. पण ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिथून एका बाजूला टीव्ही दिसे आणि दुसऱ्या बाजूला, खिडकीतून, नवऱ्याचं टक्कल.

"सांग," पानियाग्वा भिंतीला म्हणाले.

"उभा आहे."

"कसा दिसतोय?"

"वाळलाय. शर्ट ढगळ आहे रे त्याचा. खांद्यावरून उतरतोय. कोणी बघितलं नाही का घालताना?"

"तोमासिना, चेंडू."

"चेंडू हातात आहे. आता फेकला."

"मग?"

"त्या माणसाने दांडकं फिरवलं."

"लागला?"

"कोणाला?"

ओसरीवरून टाळ्या आल्या, त्यावरून पानियाग्वांनी ओळखलं की लागला नाही. दुसऱ्या चेंडूलाही टाळ्या आल्या. खांद्यात कळ येऊ लागली होती, बोटं बधिर झाली होती. आणखी एक चुकला की तो बाद, आणि सामना संपला.

"आता काय करतोय?"

तोमासिना टीव्हीकडे वाकली. मग म्हणाली, "जीभ बाहेर काढलीय. लहानपणी गणितं सोडवताना काढायचा बघ, डाव्या बाजूने. तशी."

पानियाग्वांनी डोळे मिटले. ती जीभ त्यांना दिसली. स्वयंपाकघरातलं टेबल, मेणबत्ती, सात वाजता गेलेली वीज आणि भागाकारावर वाकलेलं पोर. ते त्यांनी पाहिलेलं होतं. रोज पाहिलेलं होतं.

"फेकला," तोमासिना म्हणाली, आणि पुढचं तिचं बोलणं गल्लीच्या आरोळीत बुडालं.

त्यानंतर बराच वेळ पुढे नाचगाणं चाललं. मधेच आणखी एक मोठी आरोळी झाली. तीही विल्टनसाठीच असेल असं समजून पानियाग्वा दांडा धरून बसले. एवढ्या लोकांना अंधारात नाचायला लावणं बरं नव्हे.

बंद पडलेली बस मागे टाकून चागो दोन तास चालत आला, धुळीने माखलेला. धापा टाकत त्याने पिंजरा उघडला.

"कोम्पाद्रे," तो म्हणाला, "सोडा आता. वीज येऊन अर्धा तास झाला."

पानियाग्वा हात बाहेर काढत म्हणाले, "पिंजरा मजबूत आहे हं, कोम्पाद्रे."

रविवारी सकाळी विल्टनचा फोन आला. पानियाग्वांनी तो डाव्या हाताने धरला, कारण उजवा वर होत नव्हता. तोमासिना शेजारी उभी राहिली.

"पापा," विल्टन म्हणाला. मग जरा थांबला. त्यालाही ती यादी पाठ असावी. "पाहिलंत का?"

"शर्ट ढगळ आहे तुझा," पानियाग्वा म्हणाले. "आईकडे पाठवून दे, ती शिवण आत घेईल. आणि तिसऱ्या चेंडूला जीभ बाहेर काढलीस. डाव्या बाजूने."

पलीकडे विल्टन हसायला लागला. तोमासिनाने नवऱ्याचा उजवा हात उचलून टेबलावर ठेवला आणि खोबरेल तेल लावायला सुरुवात केली.